नाट्यसंस्थेत दोन गट पडलेत, मधल्या मध्ये आम्ही कार्यकर्ते. काय करावं?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. जरा लांबण लागेल.

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमची हौशी नाट्यसंस्था आहे. नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतीलच. मी प्रकाशयोजना बघते, म्हणजे खरं तर डिमर, वायरी आणि शिडी सांभाळते. माझ्यासारखे बरेच आहेत. कोणी नेपथ्य ठोकतं, कोणी सुट्टीत बालनाट्य शिबिर घेतं, कोणी दारावर तिकिटं फाडतं. मानधन नाही, तालमीनंतर वडापाव.

अध्यक्ष आणि कार्यवाह यांचं फाटलंय. निमित्त तालमीच्या हॉलमागच्या मोकळ्या जागेचं. ती एका मंगल कार्यालयाला दहा वर्षांच्या भाड्याने द्यायचं अध्यक्षांच्या मनात आहे. कार्यवाहांनी विरोध केला, वेगळी सभा बोलावली आणि नवी कार्यकारिणी निवडली. अध्यक्ष म्हणतात, नोटीस नियमाप्रमाणे नव्हती, गणपूर्ती नव्हती, ती सभाच नव्हे. धर्मादाय कार्यालयात दोघांचेही कागद गेलेत. बँकेने ‘आधी तुमचं ठरवा’ म्हणून व्यवहार थांबवले. गोदामाच्या कडीला आता दोन कुलपं आहेत, एकाची किल्ली यांच्याकडे, दुसऱ्याची त्यांच्याकडे. आत नेपथ्याची सगळी फ्लॅटं (उभ्या चौकटी), लेव्हल्स (रंगमंचावरचे चौथरे), आणि मी पदरच्या पैशाने घेतलेले एलईडी पार दिवेसुद्धा.

अडचणी अशा. राज्य नाट्य स्पर्धेची प्रवेशिका भरायची आहे आणि दोघेही म्हणतात, सही माझीच. शिबिराची फी बँकेच्या घोळामुळे आमच्यातल्या एका मुलीच्या फोनवर जमा होतेय, पालक पावती मागतात. आणि आमच्यातच एकमत नाही. काहींना काम बंद करायचंय, काहींना पेपरात द्यायचंय, काही म्हणतात आपण राजीनामे देऊ. राजीनामा कशाचा, हे मला कळलेलं नाही. दोन्हीकडून रोज फोन येतात, ‘तू आमच्याबरोबर ना?’

– विंगेतली

खतावणी: बाकी सगळं नंतर, ती फी आजच्या आज थांबवा. भांडण मिटलं की दोन्ही गट एकत्र येऊन कोणाकडे बोट दाखवतील माहितीये? त्या मुलीकडे. आयुष्य हिशेब तपासण्यात गेलंय, सवयीने सांगतो. कोणाकडून किती, कोणत्या तारखेला, यूपीआय क्रमांक, सगळं वहीत उतरवा. पालकांना लिहून कळवा की रक्कम आली आहे आणि संस्थेचं खातं सुरू होईपर्यंत तशीच ठेवली आहे. ज्यांना परत हवी त्यांना द्या. त्यातून खाऊचा खर्चसुद्धा करू नका. यादीची प्रत दोन्ही गटांना एकाच दिवशी पाठवा.

जुना विश्वस्त: वकील नाही, पण एका वाचनालयाच्या अशाच भांडणात बरीच वर्षं धर्मादाय कार्यालयाचे जिने चढलोय. पहिला प्रश्न ताई, तुम्ही सभासद आहात की नुसत्या कार्यकर्त्या? तुम्ही कितीही शिड्या चढला असाल, वर्गणी भरून सभासद वहीत नाव नसेल तर मत नाही. असेल तरी थकबाकी बघा. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याप्रमाणे वर्गणी तीन महिन्यांहून जास्त थकली की मतदानाचा हक्क जातो. अशा भांडणात नेमकं हेच काढून माणसं बाद करतात.

दुसरं, धर्मादाय कार्यालयातून ‘शेड्यूल वन’चा, म्हणजे संस्थेच्या नोंदीचा, ज्यात पदाधिकाऱ्यांची नावं असतात, प्रमाणित उतारा काढा. पदाधिकारी बदलले की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट द्यायचा असतो (महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५०, कलम २२). अर्ज टाकला म्हणजे नाव चढलं असं नाही. अर्जावर हरकत घेता येते, मग सुनावणी, तारखा. तोवर उताऱ्यावर जुनीच नावं दिसतात आणि बँकवाले तेच बघतात.

आणि जागेचं. संस्था ट्रस्ट म्हणून नोंदलेली असेल तर बिगरशेती जागा तीन वर्षांहून जास्त मुदतीने भाड्याने द्यायला धर्मादाय आयुक्तांची आधी मंजुरी लागते, कलम ३६. दहा वर्षांचा करार सभेने एकमताने केला तरी नुसत्या ठरावावर चालायचा नाही. हे दोघांपैकी कोणीच बोलत नाही याची मला गंमत वाटते.

मखमली पडदा: काम बंद अजिबात करू नका. फुकट राबणाऱ्याने संप केला तर कोणाचं अडतं? फक्त पोरांचं. पेपरात तर मुळीच नको, तालुक्याच्या बातमीदाराला दोन कोट मिळाले की तुमचं नाटक मेलं. एक पानी निवेदन लिहा, कोणाची बाजू न घेता, फक्त तीन मागण्या: गोदाम पंचांसमोर उघडून सामानाची यादी, स्पर्धेपुरती दोघांची लेखी संमती, शिबिराच्या फीचा निर्णय. सह्या गोल काढा, म्हणजे पहिली कोणाची ते कळत नाही.

जुना विश्वस्त: गोल सह्या झकास! त्यात भर: तुमच्यातले जे सभासद आहेत ते कायद्याच्या भाषेत ‘हितसंबंध असलेली व्यक्ती’ ठरतात. सामान किंवा जागा धोक्यात आहे असं वाटलं तर कलम ४१ई खाली त्यांना अर्ज करता येतो. पण ते शेवटचं पाऊल, आणि वकील घेऊनच.

विंगेतली: सगळ्यांचे आभार. फी थांबवली. सभासद वहीचं विचारलं तर कार्यवाह म्हणतात अध्यक्षांकडे आहे आणि अध्यक्ष म्हणतात कार्यवाहांकडे! माझी वर्गणी भरलेली आहे, पावती सापडली. शिबिर घेणारी पोरं मात्र बहुतेक सभासदच नाहीत, त्यांना कोणी कधी विचारलंच नाही. आत्ता अर्ज केले तर?

जुना विश्वस्त: करू देत, पोच घेऊन. पण आत्ता कोणत्याही गटाने सभासद केले तरी दुसरा आव्हान देणार, त्या मतांच्या भरवशावर राहू नका.

मखमली पडदा: प्रवेशिकेचं राहिलं. दोन गटांच्या दोन प्रवेशिका एकाच नावाने गेल्या तर शोभा होईल. स्पर्धा घेणाऱ्या सांस्कृतिक कार्य संचालनालयाला आधीच लेखी विचारा, सही कोणाची चालेल. आणि लेखकाची परवानगी संस्थेच्या नावाने आहे की दिग्दर्शकाच्या, तेही बघा. दिग्दर्शकाच्या नावाने असेल तर वेळ पडल्यास शेजारच्या गावातल्या संस्थेच्या बॅनरखाली प्रयोग करता येईल. आमच्याकडे एकदा तसंच केलं होतं, नंबर आला नाही पण पोरं उभी राहिली.

खतावणी: ताई, तुमच्या पारची बिलं शोधून ठेवा. गोदामाची यादी होईल तेव्हा पारच्या नोंदीपुढे ‘वैयक्तिक मालकी’ असं लिहून घ्या आणि त्याच दिवशी घरी न्या.