'फ्रेज'ला मराठीत काय म्हणावे : वाक्प्रचार, वाक्यांश, शब्दसमूह की पदबंध?

प्रश्न

बी.ए.ला इंग्रजी घेतलं आहे. सध्या 'फ्रेज स्ट्रक्चर रूल्स', म्हणजे वाक्य कोणत्या तुकड्यांतून घडतं ते सांगणारे नियम, चालू आहेत. नियम पाठ झाले, पण मराठीतून समजून घ्यायला बसलो की पहिल्याच शब्दापाशी अडतो. शाळेत फ्रेज म्हणजे वाक्प्रचार असं शिकलो होतो. आता कुठे वाक्यांश दिसतो, कुठे शब्दसमूह, कुठे पदबंध. यातला नेमका कोणता? आणि नियमांमधला तो बाण मराठीत वाचायचा कसा?

उत्तर

वाक्प्रचार आधी बाजूला ठेवा. 'डोळे पांढरे होणे' यात अर्थ रूढीने ठरलेला असतो. तुमच्या प्रकरणातल्या फ्रेजचा रूढीशी काही संबंध नाही.

वाक्यांश म्हणजे वाक्याचा अंश, पण कुठलाही अंश चालत नाही ही तर इथली मुख्य गोष्ट आहे. 'द डॉग बिट द पोस्टमन' या वाक्यातला 'डॉग बिट द' हा तुकडाही अंशच आहे, पण तो फ्रेज नाही. शब्दसमूह वेगळ्या कारणाने कमी पडतो. 'डॉग्ज बार्क' मधला 'डॉग्ज' हा एकटा शब्द पूर्ण फ्रेज आहे, आणि एका शब्दाला समूह म्हणणं ओढूनताणून होतं.

म्हणून मी पदबंध वापरतो. त्यातला 'बंध' महत्त्वाचा. पदं नुसती शेजारी बसलेली नाहीत, एका गाठीत आहेत. गाठ आहे की नाही हे तपासताही येतं. 'द ओल्ड मॅन विथ द अम्ब्रेला लाफ्ड' हे वाक्य घ्या. 'लाफ्ड'च्या आधीचं सगळं उचलून तिथे इंग्रजी सर्वनाम 'ही' (he) ठेवा : 'ही लाफ्ड'. वाक्य उभं राहतं. आता नुसतं 'मॅन' उचलून तिथे 'ही' ठेवून बघा : 'द ओल्ड ही विथ द अम्ब्रेला लाफ्ड'. कोसळलं. मराठीतही हेच होतं. 'शेजारच्या म्हाताऱ्या आजीने हाक मारली' याचं 'तिने हाक मारली' होतं, 'शेजारच्या म्हाताऱ्या तिने' होत नाही. म्हणजे 'नामाऐवजी येतो तो शब्द सर्वनाम' ही शाळेतली व्याख्या थोडी चुकते. सर्वनाम येतं ते अख्ख्या नामपदबंधाऐवजी, म्हणजे नाम आणि त्याच्याशी बांधलेली सगळी पदं यांच्याऐवजी. मला स्वतःला पदबंध ही कल्पना कळली ती या एका उदाहरणाने, व्याख्येने नाही.

आता नियम. भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्कीने १९५७ साली 'द मॅन हिट द बॉल' या वाक्यावर ते मांडले. मराठीत साधारण असे होतील (उपपद म्हणजे 'द'सारखा शब्द) :

वाक्य → नामपदबंध + क्रियापदबंध
नामपदबंध → उपपद + नाम
क्रियापदबंध → क्रियापद + नामपदबंध

बाण 'म्हणजे' किंवा 'बरोबर' असा वाचू नका. 'डावीकडच्याच्या जागी उजवीकडचं लिहा' असा वाचा. आपल्या संस्कृत व्याकरणाच्या परंपरेत या क्रियेला नेमका शब्द आहे, आदेश. 'इति + आदि' याचं 'इत्यादि' होताना इ च्या जागी य् येतो, त्याला यणादेश म्हणतात. तिथे 'पुढे विजातीय स्वर असेल तर' अशी अट असते. वरच्या तीन नियमांना मात्र अट नाही. नामपदबंध कुठेही आला तरी त्याच्या जागी उपपद आणि नाम लिहिता येतं. अशा नियमांना संदर्भनिरपेक्ष म्हणता येईल.

दुसरं मत

पण मग आपलं वाक्यपृथक्करण काय वाईट होतं? उद्देश्य, उद्देश्यविस्तार, कर्म, कर्मविस्तार, क्रियापद, विधेयविस्तार. वाक्याचे भाग तिथेही पडतातच की. नवी परिभाषा कशाला?

उत्तर

वाईट नाही, ते वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे. उद्देश्य आणि कर्म ही कामं आहेत, नामपदबंध ही जात आहे. 'द डॉग' उद्देश्य, 'द पोस्टमन' कर्म, पण दोन्हींची घडण एकच. पृथक्करणात उद्देश्यविस्तार आणि कर्मविस्तार असे दोन रकाने करावे लागतात. इथे नामपदबंधाचा नियम एकदा लिहिला की दोन्ही जागी चालतो. वाक्याचे आधी दोन मोठे तुकडे, मग त्यांचे तुकडे, ही रीत चॉम्स्कीच्याही आधीची आहे. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ ब्लूमफील्डने १९३३ मध्येच 'पुअर जॉन रॅन अवे'चे 'पुअर जॉन' आणि 'रॅन अवे' असे दोन घटक दाखवले होते. चॉम्स्कीने त्या तोडण्याला वाक्य घडवणाऱ्या नियमांचं रूप दिलं.

रकान्यांतून जे दिसत नाही ते गाठींतून कसं दिसतं, याचं नेहमीचं उदाहरण 'ओल्ड मेन अँड विमेन'. म्हातारे फक्त पुरुष, की दोघंही? शब्द तेच, क्रम तोच, गाठ कुठे मारली त्यावर अर्थ ठरतो. मराठीत 'म्हातारे पुरुष आणि बायका' म्हटलं की 'म्हातारे' हे रूप पुरुषांकडेच ओढतं, बायकांसाठी 'म्हाताऱ्या' लागतं. पण 'गरीब पुरुष आणि बायका' म्हणा. 'गरीब' बदलत नाही, आणि इंग्रजीतली संदिग्धता जशीच्या तशी परत येते.

पुन्हा प्रश्न

मग 'प्रिपोझिशनल फ्रेज'ला काय म्हणू? शब्दयोगी पदबंध?

उत्तर

चालेल, मीही तेच म्हणतो. फक्त क्रम विसरू नका. आपलं शब्दयोगी नामाच्या मागून येऊन चिकटतं, 'टेबलाखाली'. इंग्रजीतलं आधी येतं, 'अंडर द टेबल'. म्हणून इंग्रजीचा नियम लिहिताना शब्दयोगी पदबंध → शब्दयोगी + नामपदबंध, आणि मराठीचा लिहिताना उलटं.

हा पदबंध कुठे जोडायचा यावरच 'आय सॉ द मॅन विथ द टेलिस्कोप' अडतं. तो क्रियापदबंधात गेला तर दुर्बीण बघणाऱ्याकडे, 'मॅन'च्या नामपदबंधात गेला तर त्या माणसाकडे. परीक्षेत दोन्ही वृक्ष (वाक्याचे तुकडे फांद्यांसारखे दाखवणाऱ्या आकृत्या) काढा, एकच काढून थांबू नका. मराठीत आपण मुळातच दोन वेगळी वाक्यं करतो : 'मी दुर्बिणीतून तो माणूस पाहिला' आणि 'मी दुर्बीण घेतलेला माणूस पाहिला'.

दुसरं मत

एक शंका. 'क्रियापदबंध' हा शब्द क्रियापद + बंध, की क्रिया + पदबंध?

उत्तर

फार चांगलं पकडलंत. 'नामपदबंध' उघडच नाम + पदबंध आहे, त्या धर्तीवर क्रिया + पदबंध. पण मराठी कानाला 'क्रियापद' आधी ऐकू येतं आणि मग मागे 'बंध' उरतो. काटेकोर व्हायचं तर 'क्रियापद-पदबंध' म्हणावं लागेल, ते कुणी बोलणार नाही. मी क्रिया + पदबंध असाच फोडतो, म्हणजे सगळ्या नावांत 'पदबंध' हा घटक कायम राहतो. शिकवताना मात्र हा शब्द फळ्यावर दोन्ही प्रकारे कंस घालून जरूर लिहावा. 'ओल्ड मेन अँड विमेन'ची अडचण मराठीच्या एकाच शब्दात मुलांना दिसेल.