बाळंतपणाले सव्वा महिना झाला, बायको झोपत नाई, बाळाले जवळ घेत नाई. कुठं न्यावं?

पराटीवाला (दारव्हा तालुका)
नमस्कार जी. माही बायको पहिल्या बाळंतपणाले माहेरी, आर्णीकडं हाय. सिजर झालं, पोरगं झालं, वजनही चांगलं भरलं. पहिले रडे तं आमाले वाटलं टाके दुखत असतीन. आता सव्वा महिना होऊन गेला. बाळ झोपलं तरी तिचा डोळा लागत नाई, आढ्याकडं पाहत पडून रायते. पाजलं की लगेच बाळ सासूबाईच्या मांडीवर देऊन टाकते. काल मले म्हणे, "माह्याच्यानं याचं काही होत नाई, तुमी दुसरी करा." हीच बाई वेचणीत साऱ्या बायांले हासवे.

सासूबाई म्हणते नजर लागली, अमावास्येले एका महाराजाकडं न्यायचं ठरवून रायले. माही माय म्हणते, आमी नाई का बाळंत झालो. डोक्याच्या डॉक्टरकडं नेलं तं गोळ्यानं दूध आटीन, गावात नाव होईन, असं सारेच म्हणतात. हा आजार हाय का जी? वेचणी चालू हाय, पण मी सोडून जायले तयार हाय.

सिस्टरताई (अमरावती जिल्हा)
भाऊ, हा आजारच आहे, आणि बरा होणारा आजार आहे. मी उपकेंद्रात आरोग्य सेविका आहे.

बाळंत झाल्यावर दोन-तीन दिवसांनी रडू येणं बहुतेक बायांना होतं. वार पडली की इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन ही अंगातली हार्मोन्स एकदम उतरतात, त्यात जागरण. पण ते दोन आठवड्यांत निवळतं. तुमच्या घरी सव्वा महिना झाला, आणि बाळ झोपल्यावरही झोप नाही. हे प्रसूतीनंतरच्या नैराश्यासारखं दिसते. नजर नाही, नखरा नाही, आणि तिला बाळाची माया नाही असंही नाही.

हे ओळखायला १९८७ साली आलेली एडिनबर्गची १० प्रश्नांची यादी आहे. तिच्यातला शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराबद्दल आहे. तो तुम्ही आजच विचारा. खोलीत दोघंच असताना, सरळ शब्दांत: "जीव द्यावासा वाटते का तुले?" विचारल्यानं तो विचार डोक्यात भरत नाही. मी कितीतरी बाळंतिणींच्या बाजेजवळ बसून हा प्रश्न विचारला आहे, आणि ज्यांच्या मनात तो होता त्या बोलून मोकळ्या झाल्या. "तुमी दुसरी करा" हे वाक्य मला साधं वाटत नाही.

हो म्हणाली तर तिला एकटं सोडू नका. फवारणीची औषधं घरातून, गोठ्यातून हलवा, कुलपात टाका, आणि त्याच दिवशी जिल्हा रुग्णालय गाठा. १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे मनाच्या आजारासाठीच्या सरकारी फोनसेवेचा, फुकट नंबर रात्रीही लागतो, मराठीत बोलतात. कानात आवाज येते, घरच्यांवर संशय घेते, बाळाबद्दल भलतंच बोलते असं काही झालं तर सकाळची वाट न पाहता १०८.

हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासायला सांगा. अंगात रक्त नसलं की मनही उभं राहत नाही. आशाताईची ४२ व्या दिवसाची भेट जवळ आली असेल. ती बाळाचं वजन करेल, तिला बायकोचंही सगळं सांगा. लपवू नका.

दोन लेकरांची माय (हिंगणघाट)
दादा, मला दुसऱ्या वेळी झालं. पोरगी झाली म्हणून रडते असं साऱ्यांनी ठरवून टाकलं. मला तर पोरगीच पाहिजे होती! पण तिला हातात घेतलं की छातीत धस्स होऊन हात थरथरायचे. डॉक्टरांनी सर्ट्रालीन ही नैराश्याची गोळी दिली, दुधात फार थोडी उतरते म्हणाले. मी पोरीला सुरूच पाजलं, दूध आटलं नाही. पहिल्या आठवड्यात काहीच फरक नव्हता, मग हळूहळू तोंडाला चव आली.

गोळीइतकीच कामाची झोप. रात्री पाजून झालं की माझी जाऊ पोरीला घेऊन दुसऱ्या खोलीत जायची आणि पुढच्या पाजण्यालाच आणायची. सलग झोप मिळाल्यावर मी माणसात आले. हे तुम्ही करा, सासूबाईंवर टाकू नका. "बाळाकडं पाहून तरी हास" असं कोणी म्हणत असेल तर थांबवा. त्या वाक्यानं मी आणखी खचायची.

काका (मूर्तिजापूर)
अमावास्येची वाट पाहू नका. सासूबाईसंगं भांडूही नका, "पहिले दवाखाना, मंग देव" इतकंच म्हणा.

पराटीवाला
विचारलं जी. लय वेळ बोलली नाई, मंग म्हणे रोज वाटते. साळ्यानं औषधाचे डबे तवाच हलवले. दुसऱ्याच सकाळी जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाई तिच्यासंगं एकटीसंगं बोलल्या, गोळी सुरू केली, पाजणं चालू ठेवा म्हणे. एकटं सोडायचं नाई, आठ दिवसांनी पुन्हा बोलावलं. हिमोग्लोबिन ८.४ निघालं. मळमळते म्हणून लोहाच्या गोळ्या तिनं सोडल्या होत्या. मी आता इथंच हाय, रात्री बाळ माह्याजवळ. लोहाची गोळी चहासंगं दिली तं चालते का?

सिस्टरताई
चहासोबत नको, दुधासोबत नको, कॅल्शियमच्या गोळीसोबतही नको. त्यानं लोह अंगी लागत नाही. मळमळते म्हणून रात्री जेवणानंतर लिंबूपाण्यासोबत द्या. एरवी बाळंतपणानंतर १८० दिवस रोज एक असते, पण ८.४ ला जास्त लागू शकते, म्हणून डॉक्टरांनी लिहिल्या तेवढ्याच द्या. संडास काळी होईल, घाबरू नका. मनाची गोळी मात्र बरं वाटलं म्हणून घरच्या घरी बंद करायची नाही, बरं वाटल्यावरही काही महिने चालते.

पुढच्या तारखेला बाळाला सोबत न्या. दीड महिन्याची लस बाकी असेल तर त्याच खेपेत होईल, कार्ड विसरू नका.