मदत हवी आहे : तौलनिक निबंधासाठी ‘नाव’ की ‘अन्न’?

नमस्कार मंडळी. एम.ए.च्या तौलनिक साहित्याच्या पेपरसाठी ३००० शब्दांचा निबंध द्यायचा आहे. पुस्तकं ठरली आहेत, दोन्ही दलित आत्मकथनं : दया पवारांचं ‘बलुतं’ (१९७८) आणि ओमप्रकाश वाल्मीकींचं हिंदी ‘जूठन’ (१९९७). अडलंय ते विषय नेमका करण्यात.

‘दोन्हींतील दलित जाणीव’ हा विषय नको. तो इतका पसरतो की शेवटी साम्यांची यादी आणि भेदांची यादी एवढंच हातात उरतं.

पहिला पर्याय नावाचा. ‘बलुतं’मध्ये दगडू बोलतो आणि दया पवार ऐकतो, म्हणजे एकच माणूस दोन नावांत विभागलेला. ‘जूठन’च्या शेवटी ‘वाल्मीकि’ हे जात उघड करणारं आडनाव लावण्यावरून घरच्यांशी वाद आहे. दुसरा पर्याय अन्नाचा : एक शीर्षक म्हणजे गावकीच्या कामाबद्दल मिळणारा धान्याचा वाटा, दुसरं म्हणजे उष्टं. माझा कल नावाकडे आहे, कारण तिथे निवेदनाची रचनाच तपासता येते.

शिवाय वाल्मीकी अंबरनाथला प्रशिक्षण घेताना मराठी दलित साहित्याच्या संपर्कात आले. म्हणजे प्रभावाचा धागा आपल्याच ठाणे जिल्ह्यातून जातो! पण तो मुख्य मुद्दा केला तर निबंध चरित्राकडे घसरेल, म्हणून एकच परिच्छेद पुरेल ना?

‘जूठन’ मूळ हिंदीतूनच वाचायचं आहे. अनुवादावरून भाषेबद्दल विधानं केली की ती अनुवादकाच्या भाषेबद्दलची ठरतात. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात किंवा वाशी-नेरुळकडे हिंदी प्रत कुठे मिळेल? आणि नाव की अन्न, कारणासकट सांगा.