प्रायोगिक नमुना की मागाहून केलेली जुळणी?

प्रश्न (वडोदरा): सहा सिलिंडरचे इंजिन असलेला जुना फोर्ड ८एन ट्रॅक्टर विकाऊ आहे, कारखान्याचा प्रायोगिक नमुना म्हणून विक्रेता दुप्पट किंमत सांगतो. हे पटण्याजोगे आहे काय?

उत्तर १: फोर्डने ८एन १९४७ ते १९५२ या काळात चार सिलिंडरचाच विकला, सहा सिलिंडर किंवा व्ही-८ (आठ सिलिंडरचे) इंजिन बसवण्याचे संच अमेरिकेतील फंक कंपनी पुरवीत असे, त्यामुळे हा रूपांतरित ट्रॅक्टर असण्याचीच शक्यता अधिक. अर्थात अस्सल फंक जुळणीलाही संग्राहकांत मान आहे.

उत्तर २: खरा प्रायोगिक नमुना म्हणजे ट्रॅक्टर-संशोधक हॅरी फर्ग्युसन यांचा १९३३ चा काळा ट्रॅक्टर! साहेब, इंजिन व गिअरबॉक्समधला जोड ओतीव आहे की वेल्डिंगचा, ते आधी पाहा; ओतीव असेल तर तो तयार संचातला, वेल्डिंगचा असेल तर मागाहून कुणी घरगुती जुळणी केल्याचा संभव.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. जोड वेल्डिंगचाच आहे. विक्रेत्याकडे कागदपत्रेही मागितली आहेत.