फॅशिओटॉमीची (दाब उतरवायला स्नायूंवरचं आवरण कापण्याची) पायाच्या बाहेरच्या बाजूची जखम बंद करायची आहे, व्हेसल लूप (कातडीच्या कडा नाडीसारख्या ओढायला वापरतात ती लवचिक दोरी) नाही. मदत हवी आहे

नमस्कार. मेळघाटातलं ग्रामीण रुग्णालय. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखाली पाय सापडलेला शेतमजूर, वय तिशीतलं, टिबियाचं (नडगीच्या हाडाचं) बंद फ्रॅक्चर, बाहेरून फिक्सेटर (हाड धरून ठेवणारी सळ्यांची चौकट). डायस्टोलिक (खालचा) रक्तदाब वजा कंपार्टमेंटचा (पायातल्या स्नायूंच्या बंद कप्प्याचा) दाब, हा फरक 30 mmHg च्या खाली आल्यावर वरच्या रुग्णालयात दोन छेदांतून चारही कंपार्टमेंट मोकळे केले. पुढची काळजी आमच्याकडे. आज पाचवा दिवस.

स्नायू लाल, कॉटरीने आकुंचतात, कापल्यावर रक्त येतं. बोटं ताणली तर दुखत नाही, लघवी स्वच्छ, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) नॉर्मल, साखर नाही. पायाच्या आतल्या बाजूची जखम ताण न येता शिवली गेली. बाहेरची मध्यभागी 6 सेंमी उघडी. रेशमाचे टाके ओढले, कडेची कातडी चिरली. ओल्या गॉजचं ड्रेसिंग चालू आहे. व्हॅक मशीन (जखमेतला स्राव ओढून घेणारं) नाही, स्किन स्टेपलर आहे. नागपूरला जायला घरचे तयार नाहीत, आणि उघडी जखम फार दिवस ठेवली तर इन्फेक्शन फ्रॅक्चरपर्यंत जाईल, ही खरी धास्ती.

स्टेपलमधून बुटाच्या नाडीसारखी इन्फंट फीडिंग ट्यूब ओवली तर पुरेसा ताण धरते का, की निर्जंतुक हातमोज्याच्या मनगटाची रबरी कड बरी? स्टेपल कडेपासून किती आत? दाब पुन्हा वाढू न देता रोज किती आवळायचं, आणि कितव्या दिवशी नाद सोडून स्किन ग्राफ्ट करायचं?