धारण तलावातला गाळ आणि खाडीकाठचं कांदळवन

वर एकांनी लिहिलंय की नवी मुंबईच्या धारण तलावांत कांदळवन वाढल्यामुळेच पाणी तुंबतं, तेव्हा गाळ उपसताना ते सरसकट काढून टाकावं. गाळ काढायलाच हवा, हे मलाही पटतं. आपल्या शहराचा बराच भाग खाडीत भराव टाकून उभा राहिलाय, काही भाग तर भरतीच्या पातळीखाली आहे. भरतीला धारण तलावांच्या खाडीकडच्या तोंडावरच्या झडपा बंद होतात, तेवढा वेळ पावसाचं पाणी तलावात साठतं आणि ओहोटीला खाडीत जातं. तलाव उथळ झाला की साठायला जागाच उरत नाही. मग मुसळधार पाऊस आणि उधाणाची भरती एकत्र आली की पाणी थेट रस्त्यावर. त्यात समुद्राची पातळी वाढतेय, म्हणजे झडपा उघड्या राहण्याचा वेळही कमी होत जाणार.

पण 'सरसकट'ला माझा ठाम विरोध आहे. खाडीकाठचं कांदळवन लाटांचा जोर मोडतं, किनाऱ्याची माती धरून ठेवतं. कोळंबी, चिंबोऱ्या, जिताड्याची पिल्लं तिथेच वाढतात. दिवाळे, सारसोळेच्या कोळीवाड्यांचं पोट त्यावर आहे. उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानुसार सार्वजनिक हिताच्या कामासाठीही कांदळवन तोडायला न्यायालयाची परवानगी लागते. ती मागायची तर फक्त तलावाच्या आतल्या, गाळ उपसायला आड येणाऱ्या झाडांपुरती मागावी. आणि आखणी करताना कोळी बांधवांना आधी विचारा. कुठल्या नाल्याचं तोंड बुजलंय, हे होडीतून रोज जाणाऱ्याला नेमकं ठाऊक असतं.