तीन कॅमेऱ्यांचं स्टुडिओ प्रॅक्टिकल: कट उशिरा पडतात, चेहरे पिवळे दिसतात

मास_मीडिया_एसवाय: टीव्ही प्रॉडक्शनच्या पेपरला 10 मिनिटांची मुलाखत लाइव्ह स्विच करायची आहे (मुलाखत चालू असतानाच एका कॅमेऱ्यावरून दुसऱ्यावर जायचं), नंतर एडिट नाही. सरावात कट उशिरा पडतात, कॅमेरा 2 वर चेहरे पिवळे येतात आणि एलईडी पॅनेल लावले की चित्रावरून पट्टे सरकतात. कुठून सुरुवात करू?

पीसीआर_काका: कट उशिरा पडतात कारण स्टँडबाय (तयार राहा) न देता थेट 'टेक' (आता कट कर) म्हटलं जातं. आधी "स्टँडबाय थ्री": कॅमेरामन फ्रेम धरून थांबतो, स्विचरवाला (कॅमेरे बदलणारा) तो प्रिव्ह्यूवर, म्हणजे पुढचा शॉट दिसतो त्या मॉनिटरवर, घेतो. मग "टेक थ्री". पाहुण्याचं वाक्य सुरू व्हायची वाट बघू नका, त्याने बोलायला श्वास घेतला की टेक. डावीकडच्या कॅमेऱ्याने उजवीकडचा माणूस घ्यायचा, उजवीकडच्याने डावीकडचा. नाहीतर नुसती प्रोफाइल (एका बाजूने दिसणारे चेहरे) मिळतात. मधला टू-शॉटवर (दोघं एकाच फ्रेममध्ये). फसलात की त्या टू-शॉटवरच पळायचं. आणि टॅली (कॅमेऱ्यावरचा ऑन-एअर दिवा) लाल असलेल्या कॅमेऱ्याला फ्रेम बदलायला सांगू नका, हे नव्वद टक्के मुलं विसरतात.

लाइट_आणि_लेन्स: पिवळेपणा: ऑटो व्हाइट (रंग आपोआप जुळवणं) आणि ऑटो आयरिस (उजेड आपोआप कमी-जास्त करणं) बंद. ट्यूबलाइट बंद, सगळे दिवे एकाच रंग-तापमानाचे, 5600 किंवा 3200 केल्विन. पांढरा कार्ड पाहुण्याच्या खुर्चीवर, चेहऱ्याच्या उंचीला धरा आणि तिन्ही कॅमेरे त्याच कार्डावर बॅलन्स करा. प्रत्येकाने आपापल्या जागी कार्ड धरलं तर रंग कधीच जुळणार नाहीत.
पट्टे: आपली वीज 50 हर्ट्झची. सेकंदाला 25 फ्रेम, शटर 1/50 सेकंद. तुमचा बहुतेक 1/60 वर असेल.

मास_मीडिया_एसवाय: 1/60 वरच होता! 1/50 केल्यावर बरेच गेले, पण डिमर खाली आणला की परत येतात.

लाइट_आणि_लेन्स: स्वस्त पॅनेल डिम करताना एलईडी वेगाने चालू-बंद करतात, त्याचे ते पट्टे. पॅनेल फुलवर ठेवा, लांब न्या किंवा पुढे डिफ्यूजन (उजेड मऊ करणारा कागद किंवा कापड) लावा.

पीसीआर_काका: वेळ उलटा मोजा. शेवटची टायटल्स 15 सेकंद, समारोप 20, म्हणजे 9:25 ला शेवटचं उत्तर संपायला हवं. फ्लोअर मॅनेजरने 3 मिनिटं, 1 मिनिट आणि 30 सेकंदांची पाटी अँकरच्या नजरेत धरायची, पाहुण्याच्या नाही.

बूम_ताई: आवाजाचं कुणी बोललंच नाही. लेपल (कपड्याला लावायचा छोटा माइक) हनुवटीखाली वीतभर. मंगळसूत्र, ओढणी घासत नाही ना ते हेडफोन लावून ऐका. गप्प बसलेल्याचा फेडर (मिक्सरवरची आवाजाची सरकपट्टी) थोडा खाली ठेवा, नाहीतर दोन्ही माइक एकच आवाज पकडतात आणि तो पोकळ येतो.